ओठ न लावलेली काच

एकतीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. पत्र लांबलचक नव्हतं, अवघड नव्हतं, आणि लिहिणारीने उत्तराची सगळी सोय स्वतःच करून दिली होती. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं एक पाकीट तिने आत घडी करून ठेवलं होतं. मला फक्त एक ओळ लिहायची होती. तेवढीही मी लिहिली नाही.

पत्र वेधशाळेच्या नावाने आलं होतं. आमच्या छापील चित्रसंग्रहाविषयी असल्यामुळे कारकुनाने ते माझ्या टेबलावर ठेवलं. लिहिणारी आमच्याहून बरीच दक्षिणेला, एका लहान गावातल्या शाळेत भूमिती शिकवायची. शाळेच्या गच्चीवर तिची दुर्बीण होती, तिचा आरसा तिने स्वतः दोन वर्षं घासून केलेला होता. आमच्या संग्रहाच्या एकशे बाराव्या पानावर दक्षिण आकाशातली एक फार दूरची सर्पिल दीर्घिका आहे. तिला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. तिच्या भुजा आमच्या चित्रात ज्या बाजूला वळतात, त्याच्या नेमक्या उलट बाजूला मला त्या वळलेल्या दिसतात, असं बाईंनी लिहिलं होतं. नऊ वर्षं तशाच दिसत आहेत. सोबत भूमितीच्या वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं. मधोमध कंपासचं टोक टोचल्याचं भोक होतं.

हौशी निरीक्षकांच्या मंडळाने ते चित्र त्यांच्या मासिकात छापायचं नाकारलं होतं. चिटणिसांचं म्हणणं, वेधशाळेचं चित्र चुकणार नाही, तुमची दुर्बीण आरशासारखं उलटं दाखवत असेल. यावर बाईंनी दिवसाउजेडी दुर्बीण लांबच्या एका दुकानाच्या पाटीवर लावून पाहिली होती. 'अक्षरं डोक्यावर उभी दिसतात,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण आरशातल्यासारखी दिसत नाहीत. आता तुम्हीच सांगा, चित्र बरोबर की मी. चित्र बरोबर असेल तर मी ते मान्य करीन आणि पुन्हा त्रास देणार नाही.'

माझं काम काय होतं ते सांगायला हवं. वेधशाळेत असलो तरी आकाशाकडे पाहणारा माणूस मी कधीच नव्हतो. दुर्बिणीवर बसणारे वेगळे. ते आकाशाचे फोटो काचेवर घेत, आणि त्या काचा आमच्या खोलीत येत. मी त्या जपायचो, मापायचो आणि कागदावर छापायचो. जी दीर्घिका मी शंभरदा हाताळली असेन ती प्रत्यक्षात एकदाही पाहिलेली नाही. कुणी विचारलं तर मला त्याची लाज वाटते, म्हणून मी आपणहून सांगत नाही.

काचेच्या एका बाजूला प्रकाशाने काळा पडणारा लेप असतो. दुसरी बाजू नुसती काच. छापताना लेपाची बाजू कागदाला टेकवायची. काच उलटी ठेवली तरी चित्र उमटतं, धोका तिथेच आहे. आकाश आरशात पाहिल्यासारखं उमटतं, आणि ठिपक्यांच्या त्या पसाऱ्यात ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. अंधारखोलीतल्या तांबड्या दिव्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. काचेचा कोपरा खालच्या ओठाला हलकेच लावून पाहायचा. लेप ओठाला जरासा धरतो, काच धरत नाही.

तसा प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात शाईने आकडाही असे. तो नुसत्या काचेच्या बाजूनेच लिहायचा असा नियम होता. त्यामुळे आकडा सरळ वाचता आला की लेप खाली आहे असं धरून चालता येत होतं. पण आमच्या थोरल्या साहेबांचा आकड्यावर भरवसा नव्हता. आकडा माणूस लिहितो, ते म्हणायचे, तू ओठ लाव. मी लावायचो. संध्याकाळी घरी गेलो की ही माझ्या ओठाकडे पाहून विचारायची, आज काय चाटून आलात?

पत्र आलं त्याच दिवशी मी ती काच कपाटातून काढून खिडकीशी नेली. उजेडात तिरकी धरली की लेपाची बाजू मळकट दिसते, काचेची चकाकते. आकडा सरळ वाचता येत होता, आणि माझ्याकडे होती ती मळकट बाजू. आकडा चुकीच्या बाजूला लिहिला गेला होता. मी त्याच्यावर विसंबून काच फ्रेममध्ये घातली होती, आणि दीर्घिका उलटी छापली गेली होती. लेप कागदाला टेकलाच नव्हता, म्हणून चित्र जरा पुसटही आलं होतं. थोरल्या साहेबांनी तेव्हा विचारलंसुद्धा होतं. मी म्हटलं, क्षितिजाजवळची आहे, पुसटच यायची.

म्हणजे बाई बरोबर होत्या. हे कळायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच झालं नाही. थोरले साहेब त्या वर्षी निवृत्त होणार होते, चित्रसंग्रह त्यांच्या आयुष्याचं काम होतं, समारंभ ठरला होता. समारंभ होऊन जाऊ दे, मी म्हटलं. मग ते आजारी पडले, मग बरे होऊ देत म्हटलं. ते गेले तेव्हा पत्राला तीन वर्षं झाली होती. उशीर झाला की उत्तरात आधी उशिराचं कारण द्यावं लागतं, आणि देण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. पत्र मी शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं. आम्ही तीनदा घर बदललं, तीनदा ते पुस्तकांच्या खोक्यातून आलं. पहिल्यांदा सापडलं तेव्हा ही म्हणाली होती की तिला वाटलं प्रेमपत्र आहे, वाचल्यावर फार निराशा झाली.

यंदा वेधशाळेतून फोन आला. सगळ्या जुन्या काचा स्कॅन करून संगणकात घालायचं काम निघालं होतं, आणि काचांच्या पाकिटांवरचं माझं अक्षर कुणाला लागत नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस याल का, असं विचारलं. मी नाही म्हणणार होतो. गुडघे दुखतात, बस बदलावी लागते, वेधशाळेचा चढ आता चढवत नाही. पण नाही म्हणायलाही धीर लागतो, तो मला आयत्या वेळी होत नाही.

खोली तीच होती. कपाटं तीच, फक्त माझ्या टेबलाच्या जागी एक मोठं यंत्र होतं आणि त्यामागे तिशीतली एक मुलगी. मनातल्या मनात मी तिला स्कॅनवाली म्हणायचो. तोंडावर 'तुम्ही' म्हणायचो. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, मला अहोजाहो करू नका, मला माझ्या सासूबाई झाल्यासारखं वाटतं." मला ते जमलं नाही. ती काच ठेवायची, यंत्र कण्हत कण्हत पुढे सरकायचं, आणि मी पाकिटावरचं वाचून दाखवायचो. दिवसाला चाळीस काचा. चारच्या सुमारास माझे डोळे असे दुखायचे की बसमध्ये मी ते मिटूनच बसायचो, आणि एकदोनदा पुढच्या थांब्यावर उतरून उलटा चालत आलो.

तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, सगळ्या काचांच्या कोपऱ्यात हा डाग कसला? पडद्यावर तिने कोपरा मोठा करून दाखवला. फिकट, आडवा, मध्ये किंचित दबलेला डाग होता. काच धुताना पडला असेल म्हणून आधी तिने सोडून दिलं होतं, पण तो प्रत्येक काचेवर होता, एकाच कोपऱ्यात. मला ते सांगताना अवघड झालं. शेवटी सांगितलं, की तो माझा ओठ आहे.

ती हसली, पण वाईट हसली नाही. म्हणाली, म्हणजे अख्ख्या दक्षिण आकाशाला काका तुमचा ओठ लागलेला आहे, काकूंना माहीत आहे का?

त्या दिवशी मी घरी आलो तो बऱ्यापैकी आनंदात. माझ्या कामाची काहीतरी खूण कुठेतरी राहिली आहे असं मला आधी कधी वाटलं नव्हतं. एकशे बारावं पान त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही हे आता मलाही खरं वाटत नाही.

पुढच्याच आठवड्यात ती काच आली. पाकीट हातात घेतल्यावर मी ओळखलं. मी क्रमांक वाचला, तिने काच ठेवली, यंत्र सरकलं. पडद्यावर आधी तारे आले, मग तीन ताऱ्यांचा त्रिकोण, मग ती. मधला उजळ गोळा आणि त्याच्याभोवती दोन लांब भुजा, कुणी संथपणे हात पसरून गिरकी घेतल्यासारख्या. पडद्यावर ती बाईंच्या वहीतल्यासारखीच वळलेली होती. स्कॅनवालीने संग्रहातलं छापील पान शेजारी धरलं, कारण प्रत्येक काच ती छापील चित्राशी ताडून पाहायची. मग ती एकदा पानाकडे, एकदा पडद्याकडे पाहू लागली. तिने काचेचा कोपरा मोठा केला.

"काका, या काचेवर डाग नाही."

मी म्हटलं, नसेल.

तिने आकडा पाहिला, काच उचलून तिरकी धरली आणि तिला सगळं समजलं. हुशार मुलगी आहे. म्हणाली, आकडा लेपाच्या बाजूला लिहिलाय, त्यामुळे छापणाऱ्याची फसगत झाली. त्या रात्री दुर्बिणीवर कोण होतं ते तिने वहीत पाहिलं. तो आमचा डावखुरा होता. त्याला सगळे डावखुराच म्हणत, तो गेल्याला वीस वर्षं झाली. डाव्या हाताने लिहिताना ओली शाई पुसली जाई म्हणून तो काच फिरवून लिहायचा, आणि कधीतरी फिरवताना ती पालथीच व्हायची. स्कॅनवालीला संगणकात प्रत्येक चुकीची नोंद करायची होती. चूक काय, कशामुळे, कुणाकडून. तिने विचारलं, मग निरीक्षकाची चूक असं लिहू?

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. डावखुरा काही उठून बोलणार नव्हता. त्याची बायकोही गेली, मूलबाळ नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगतो. खरं तर माझा तो दिवस नव्हता, उद्याचा.

घरी आल्यावर मी शब्दकोशाचा तिसरा खंड काढला. ही भाजी निवडत होती. वर न पाहताच म्हणाली, निघालं का ते बाहेर? मी तिला काच, डाग, डावखुरा, सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही मला कळेना. मग म्हणाली, "त्या बाईंनी तुम्हाला दोनच गोष्टींतून एक निवडायला सांगितली होती. चित्र की मी. तुम्ही निवडलं नाहीत असं तुम्हाला वाटतंय. पण गप्प बसलात म्हणजे चित्र निवडलंत."

मी म्हटलं, त्यांनी ते असं धरलं असेल कशावरून? ती म्हणाली, जाऊन बघा ना, त्यांचं मासिक तुमच्याच वाचनालयात येतं असं तुम्ही सांगितलं होतंत.

तिचं बरोबर होतं. मंडळाचं ते मासिक वेधशाळेच्या वाचनालयात यायचं, आणि मी, ज्याने तिथली बहुतेक सगळी पुस्तकं वाचली आहेत, त्या एका फळीच्या वाटेला एकतीस वर्षं गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. ती फळी सर्वांत खाली होती. गुडघ्यांमुळे उकिडवं बसवत नव्हतं म्हणून मी जमिनीवरच बसलो आणि वर्षं चाळू लागलो. पत्रानंतरच्या पहिल्या वर्षात काही नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या अंकात सापडलं. अर्ध्या पानाचं चित्र, खाली शाळेचं आणि बाईंचं नाव. तीच दीर्घिका, तोच तीन ताऱ्यांचा त्रिकोण, आणि भुजा आमच्या चित्रातल्यासारख्या. त्रिकोणसुद्धा उलटवलेला. चित्राखाली एक ओळ होती: 'पूर्वीच्या चित्रातील दिशेची चूक या चित्रात दुरुस्त केली आहे.'

त्यांनी मान्य केलं होतं. लिहिलं होतं तसंच. आणि पुन्हा त्रास दिला नव्हता. त्यानंतरचे सगळे अंक मी चाळले, अगदी गेल्या महिन्यापर्यंतचे. त्यांचं एकही चित्र नव्हतं.

उठायला मला वेळ लागला. वाचनालयाच्या बाईंना वाटलं मी पडलो. त्यांनी पाणी आणून दिलं आणि या वयात खाली बसू नये असं सांगितलं. मी म्हटलं, बरोबर आहे.

स्कॅनवाली मला पाहून चकित झाली, आज तुमचा दिवस नाही म्हणाली. मी तिच्यासमोर उभा राहिलो. खुर्चीत बसलो असतो तर पाकिटं वाचायला लागलो असतो.

"नोंद माझ्या नावाने करा," मी म्हटलं. "आकडा त्याने चुकीच्या बाजूला लिहिला, तेही लिहा. पण आकडा चुकू शकतो म्हणूनच ओठ लावायचा असतो. मी लावला नाही."

"का?"

"थंडीचे दिवस होते. ओठ फुटला होता."

ती पुढचं ऐकायला थांबली. मग म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

तिने टाइप केलं. नंतर छापील पानाची जी प्रत संगणकात होती ती उघडली आणि एक कळ दाबली. दीर्घिका पडद्यावर जागच्या जागी उलटली आणि सरळ झाली. एकतीस वर्षं राहिलेलं माझं काम सगळं मिळून ती एक कळ दाबण्याएवढंच होतं. मी खुर्चीत बसलो, आणि मग मी तिला पत्राविषयीही सांगितलं. तिने मंडळाला फोन लावला, आणि विचारपूस करून सांगितलं की बाईंचं नाव सभासदांच्या यादीत अजून आहे, पत्ता जुनाच आहे. याहून जास्त त्यांना माहीत नव्हतं. यादी नवी आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, काका, आता तुम्ही लिहा.

लिहायला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मी त्या दीर्घिकेच्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला किती कोटी वर्षं लागतात त्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. मला ते बरं वाटलं होतं. हिने वाचलं आणि म्हणाली, "तुमच्या दिरंगाईला आकाशाचा आडोसा कशाला?" मी खोडलं. दुसऱ्यात थोरले साहेब होते, समारंभ होता, त्यांचं आजारपण होतं. तेही खोडलं. तिसऱ्यात क्षमा हा शब्द पाच वेळा आला होता, तो एकदाच ठेवला. शेवटी उरलं ते असं:

'आपण विचारलं होतं, चित्र बरोबर की मी. आपण बरोबर. आपलं पहिलं चित्र बरोबर आहे, मासिकात छापलेलं दुसरं चुकीचं आहे, आणि त्या दुसऱ्या चित्राला मी कारण आहे. आमची काच मी उलटी ठेवली होती. हे मला आपलं पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं, तरी मी कळवलं नाही. क्षमा असावी. वेधशाळेच्या नोंदीत आता दुरुस्ती झाली आहे आणि तिथे आपलं नाव, चूक सर्वप्रथम दाखवणाऱ्या म्हणून, घातलं आहे. काचेची नवी प्रत सोबत आहे. आपलं पहिलं चित्र मी जपून ठेवलं होतं, तेही परत पाठवत आहे. नव्या प्रतीवर ते ठेवून पाहावं.'

नाव घालण्याची कल्पना स्कॅनवालीची. मला सुचायला हवी होती.

बाईंचं चित्र पाकिटात घालताना मी कंपासचं ते भोक उजेडात धरून पाहिलं. त्यांनी जिथे टोक टोचलं होतं, तिथेच नव्या प्रतीत गोळ्याचा मध्य येत होता. ही म्हणाली, आता ते मापत बसू नका.

पाकीट त्यांचंच वापरायचं असं मी ठरवलं होतं. शाई फिकट झाली होती, पण पत्ता वाचता येत होता. डिंक वाळून गेला होता. टपाल कचेरीतल्या बाईंनी जुन्या तिकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हे आता चालत नाही म्हणून शेजारी नवं लावून दिलं. जुनं काढू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू दे, ते त्यांचं आहे.

ही सोबत आली होती. मला एकट्याला पाठवलं तर मी पत्र घेऊन परत येईन असं तिला वाटत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. पेटीजवळ मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. त्या तिथे नसतील तर, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पाकीट आत सरकवलं. मग फटीत दोन बोटं घालून पाहिलं, अडकलं तर नाही ना.

"पडलं, हो," ही म्हणाली. "चला आता. माझे पाय दुखतायत."